मेलेलं कार्ड व्यवस्थित चालतं

कोणतीही वस्तू खऱ्या अर्थाने सुरक्षित करायची, तर ती आधी तिच्या मालकापासून सुरक्षित करावी लागते. कारण चोर कधीतरी येतो, मालक रोज येतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आमच्या प्रयोगशाळेत यावर दुमत नाही. आम्ही स्मार्ट कार्डं फोडून बघतो आणि फुटली नाहीत तर प्रमाणपत्र देतो.

उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका गावाच्या पंपघरासाठी बनवलेलं कार्ड आमच्याकडे नऊ महिने होतं. त्यातली चिप आम्ही आम्लात बुडवली, लेझरने डिवचली, गोठवली, तापवली, तिची वीज मध्येच तोडून जोडली. चिपवर केसाहून बारीक तारांची जाळी होती. थंडी, ऊब, विजेचा झटका, काहीही वावगं जाणवलं की कार्ड मनातल्या मनात नोंद घेई आणि चौथ्या नोंदीला आपली सगळी गुपितं पुसून मरून जाई. एकूण तीनशे बारा कार्डं मेली. एकानेही तोंड उघडलं नाही. समारोपाच्या भाषणात आमचे प्रमुख डीडरिक यांना गहिवरून आलं. (केकही होता.)

प्रमाणपत्र मी लिहिलं. 'वापराची जागा' या रकान्यात 'खोली' असं लिहिलं, कारण आम्ही खोलीत होतो.

पंपघर रेन्स्के बाउमा सांभाळायच्या. वय एकोणसाठ, नोकरी सत्तावीस वर्षं. गाव समुद्रसपाटीच्या दीड मीटर खाली, त्यामुळे पंप थांबला की गावाचं तळं. पूर्वी हा पंप एका हिरव्या बटणावर सुरू होई. बटण कुणीही दाबू शकतं, ही गंभीर त्रुटी लक्षात आल्यावर ते काढून तिथे कार्डाची फट बसवण्यात आली.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी वायव्येचं वादळ आलं. रेन्स्केबाई गारांमधून सायकल मारत पंपघरात पोचल्या. कार्ड कोटाच्या खिशात गारठलं होतं. ही पहिली नोंद. फटीत घातल्यावर पडद्यावर 'थांबा' आलं, म्हणून त्यांनी ते काखेत धरून शेकलं, दुसरी. लोकरीच्या स्वेटरवर घासून कोरडं केलं, तेव्हा बारीक ठिणगी उडाली, तिसरी. मग त्यांनी ते पुन्हा फटीत सारलं आणि नेमकी तेव्हाच वादळाने गावाची वीज क्षणभर जाऊन आली, चौथी. पडद्यावर अक्षरं आली : 'हल्ला परतवला. धन्यवाद.'

त्यांनी मदतीच्या क्रमांकावर फोन केला. प्रमाणपत्रावर माझी सही असल्याने तो माझ्याकडे आला.

"कार्ड चालत नाही," त्या म्हणाल्या.

"मेलंय का?"

"मेलंय."

"मग व्यवस्थित चालतंय."



"हे बघा, वीब्रेनच्या गोठ्यात पाणी शिरलंय. एकशेचाळीस गायी आहेत त्याच्या. दुसरं कार्ड आहे का तुमच्याकडे?"

"आहे. पण ते स्वतः येऊन न्यावं लागतं. ओळख पटवायला येताना कार्ड आणा."

"हे मेलेलं?"

"मेलेल्याने ओळख पटत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नका. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल, साहेबांच्या कानादेखत केलं."

मग पाना पत्र्यावर आपटल्याचे आवाज आले. त्यांनी फटीवरचं पत्र्याचं झाकण उचकटलं, आतल्या दोन तारा ओढून जेवणाच्या डब्यातल्या लोण्याच्या सुरीने एकमेकींना टेकवल्या. चार मिनिटांत पंप घरघरू लागला. मला, कबूल करतो, बरं वाटलं. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

दोन वासरं गेली. तेहतीस घरांत घोट्याइतकं पाणी आलं आणि तिथेच थांबलं. आठवडाभर गावकरी रेन्स्केबाईंच्या दारी केक घेऊन जात होते. वीब्रेन त्यांचा हात धरून रडला म्हणतात.

दरम्यान आमची चौकशी पूर्ण झाली. आमच्या पद्धतीत हल्लेखोराला गुण देतात. ज्ञानासाठी रेन्स्केबाईंना पैकीच्या पैकी मिळाले (सत्तावीस वर्षं आतल्या गोटात वावर). साधनांत कमी पडले (पाना एक, सुरी एक, लोण्यासह). निष्कर्ष असा की कार्डाने शेवटपर्यंत दाद दिली नाही, दोष पत्र्याचा. यापुढे पत्र्याच्या जागी जाड पोलाद असावं, पाना कार्डाने उघडणाऱ्या कपाटात असावा आणि सदर बाई पंपघरापासून लांब असाव्यात.

दहाव्या दिवशी गावच्या सभागृहात सभा झाली. वाटाण्याचं सूप होतं. डीडरिक यांनी शिफारशी वाचल्यावर रेन्स्केबाई उठल्या.

"सत्तावीस वर्षांत चोरून पंप चालवायला कुणी आलं नाही. आणि आलाच एखादा, तर पाणीच उपसेल ना? मी त्याला कॉफी पाजेन."

लोक हसले.

"आणि पंप बंद पाडायला आला तर?" डीडरिक यांनी विचारलं.

"तो तर तुमच्या कार्डानेच पाडला."

लोक आणखी हसले. डीडरिक यांनी हसू ओसरू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "बाई, जो माणूस सत्तावीस वर्षं आलेला नाही, तो सत्तावीस वर्षं तयारी करतोय."

सभागृहात चमच्यांचा आवाज थांबला.

"गाव सुरक्षित असावं असं कुणाकुणाला वाटतं?" त्यांनी विचारलं.

दोनशे अकरा हात वर झाले. वीब्रेनने आधी रेन्स्केबाईंकडे पाहिलं, मग सुपाकडे, आणि हात वर केला. माझा हात आधीच वर होता. बाईंनी कोट घेतला, दार हळू लावून घेतलं आणि गेल्या. हल्ली त्या हार्लिंगेनच्या बंदरात बोटींचे दोर बांधतात. पोलाद बसलंय.

आपण त्या सभेत असतो तर हात वर केला नसता, असं तुम्हाला आत्ता वाटत असेल. साहजिक आहे. त्या दोनशे अकरा जणांनाही बाईंचं म्हणणं पटलेलं होतं. तुमच्याइतकंच, आणि त्यांचे तर मोजेही अजून ओले होते.