चार नवीन धोके

ठरावाची प्रत टेबलावर आली तेव्हा बागकाकांनी चष्मा पुसला आणि कागद उजेडात धरला. अक्षरं तीच राहिली. 'विषय क्रमांक सतरा : मध्यवर्ती बागेत चार नवीन धोके बसवणे. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.'

बागकाका नगरपालिकेचे उद्यान अधीक्षक. गावातल्या सात बागा, दोन क्रीडांगणं आणि कायम गळणारं एक कारंजं त्यांच्याकडे होतं. त्यांनी मागितले होते चार झोके. मध्यवर्ती बागेतल्या झोक्याची साखळी दोन वर्षांपूर्वी तुटली, तेव्हापासून तिथे नुसते खांब उभे होते. गेल्या सुट्टीत आलेली नात त्या खांबांकडे बघून म्हणाली होती, "आजोबा, हे काय वाळत घालायचं आहे का?" तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी सापडत नसे. बागकाकांनी तिला शब्द दिला होता, पुढच्या सुट्टीत झोका असेल. दर रविवारी तिचा फोन येई आणि पहिला प्रश्न एकच, "लागला?"

सुट्टी आता दोन महिन्यांवर आली होती.

बागकाका कागद घेऊन टायपिस्टबाईंकडे गेले.

"बाई, हे काय?"

"ठराव."

"धोके कुठून आले यात?"

"तुमच्या कागदावरून." बाईंनी मान वर केली नाही. "मला जे दिसतं ते मी टाइप करते. अर्थ लावायचा पगार मला मिळत नाही."

"अहो, बागेत कुणी धोके बसवतं का?"

"मागच्या वर्षी कारंजं बसवलंत, तेव्हा विचारलं होतं मी?"

बागकाका पाय आपटत निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी बाईंशी बोलणं सोडलं. बाई त्यांच्या पुढच्याच टेबलावर बसत, त्यामुळे न बोलणं फार कष्टाचं होतं.

लेखापाल सरळ माणूस होते. इतके सरळ की वळत नसत.

"पैसे धोक्यांसाठी मंजूर आहेत, काका. मी झोक्यांचं बिल कसं काढू?"

"पण ही चूक आहे हे शेंबडं पोरही सांगेल!"

"सांगेल. पण सही करेल का?"

"मग ठराव दुरुस्त करा."

"पुढची सभा तीन महिन्यांनी. वर्ष संपतंय पाच आठवड्यांनी. तोवर धोके बसले नाहीत तर पैसे परत जाणार. आणि परत गेलेले पैसे मी तरी अजून परत आलेले पाहिले नाहीत."

बागकाका मुख्याधिकारी मॅडमकडे गेले. मॅडमनी ठराव दोनदा वाचला आणि रुमालाने तोंड झाकलं. रुमाल बाजूला झाला तेव्हा चेहरा पुन्हा मुख्याधिकाऱ्याचा झाला होता.

"चूक झाली असं मी लिहिलं, तर ती सर्वानुमते झाली असं होतं. एकवीस नगरसेवकांनी न वाचता हात वर केले, हे मी कुठल्या तोंडाने लिहू?"

"पण त्यात 'चर्चेअंती' असं लिहिलंय, मॅडम."

"चर्चा झाली ना. जेवायला किती वाजता सोडणार, यावर."

गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी नदीकाठच्या वॉर्डाचे नगरसेवक तावातावाने आत शिरले.

"चार? चारही मध्यवर्ती बागेला? आमच्या वॉर्डातली माणसं कर भरत नाहीत का?"

"साहेब, अहो धोके आहेत ते."

"तेच म्हणतोय मी! चांगलं काही आलं की आधी तुमच्याकडे. मतदारांनी विचारलं, आपल्याला एकही धोका का नाही, तर मी काय सांगू?"

"तुम्हीच हात वर केला होतात."

"हात मी दर वेळी वर करतो. त्याचा इथे काय संबंध?"

तेवढ्यात ठेकेदार आला. त्याने मागच्या वर्षी कारंजं बांधलं होतं आणि तेव्हापासून तो बागकाकांना लांबूनच नमस्कार करी. आज मात्र जवळ येऊन बसला.

"काका, आजवर प्रत्येक कामात धोका मी फुकट दिलाय. त्याचे पैसे मिळतात हे आत्ता कळलं."

त्याने दरपत्रक पुढे सरकवलं. बागकाकांनी वाचलं. 'धोके, उत्तम दर्जाचे, नग चार. हमी दोन वर्षं. हमीच्या काळात धोका नाहीसा झाल्यास विनामूल्य बदलून मिळेल.'

"हे तू शुद्धीवर असताना लिहिलंस?"

"तुम्ही मागवलं ते लिहिलं. खड्डा हवा की उघडी वायर, तेवढं सांगा. खड्डा स्वस्त पडेल."

दोन दिवसांनी संध्याकाळी बागकाका घरी ठराव समोर घेऊन बसले. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. समोरच्या खुर्चीत बसून बायको त्यांचा प्रत्येक कागद वाचायची, मगच तो ऑफिसात जायचा. तीस वर्षं. ती जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता कागद थेट ऑफिसात जात.

रविवार होता. फोन वाजला.

"लागला?"

"लागेल, बाळा. जरा अडचण आहे."

"कसली?"

"झोक्याचा धोका झालाय."

भिंगरी खदखदून हसली. "आजी तेच ओरडायची! मी उंच गेले की म्हणायची, अगं हळू, धोका आहे!"

फोन ठेवल्यावर बागकाकांनी कोरा कागद ओढला.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ते लेखापालांच्या दारात उभे होते.

"झोक्यावरून पडलं तर लागतं की नाही?"

"लागतं. माझा पुढचा दात त्यातच गेला."

"म्हणजे झोका हा धोका आहे."

लेखापालांनी जिभेने तो दात चाचपला. जागा रिकामी होती. पुरावा तोंडातच सापडल्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

"ठीक आहे. पण कागद आणि जागा जुळली पाहिजे. तपासणीला माणूस आला तर त्याला तिथे चार धोके दिसले पाहिजेत. पाट्या लावा."

"कसल्या पाट्या?"

"धोका क्रमांक एक, धोका क्रमांक दोन. मोजता आले पाहिजेत."

चार आठवड्यांत झोके लागले. साखळ्या जाड होत्या, फळ्या गुळगुळीत होत्या, खाली मऊ वाळू होती. ठेकेदाराने प्रथमच काम चोख केलं. बागकाका रोज तिथे खुर्ची टाकून बसत, त्यामुळे त्याला दुसरा इलाज नव्हता. प्रत्येक झोक्याच्या खांबावर पिवळी पाटी आणि लाल अक्षरं. धोका क्र. १ ते धोका क्र. ४.

वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना सुरक्षा निरीक्षक आले. तीस वर्षं त्यांनी गावातले धोके हटवले होते. बसवलेले तपासायला त्यांना पहिल्यांदाच बोलावलं होतं. त्यांनी साखळ्या ओढून पाहिल्या, फळ्यांवरून हात फिरवला, पाट्या मोजल्या. मग इकडेतिकडे बघून धोका क्रमांक तीनवर बसले आणि चार-पाच हेलकावे घेतले. उतरताना त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता.

त्यांच्या फॉर्मवर 'आढळलेले धोके' असा रकाना होता. धोका हटवल्यावरच ते तो भरत, त्यामुळे त्यात त्यांनी जन्मभर 'निरंक' लिहिलं होतं. आज लिहिलं, 'चार. चारही सुस्थितीत.'

पाट्यांचा उपयोग मात्र भलताच झाला. नुसते झोके असते तर लहान मुलं आली असती. धोका म्हटल्यावर मोठी मुलं आली, मग कॉलेजची आली, मग फिरायला येणारे पेन्शनर काठ्या खांबाला टेकवून रांगेत उभे राहू लागले. "तुमचा झाला का धोका?" असं मंडळी एकमेकांना विचारू लागली.

सुट्टी लागली आणि भिंगरी आली. बॅग दारात टाकून तिने आजोबांना थेट बागेत ओढत नेलं. रांगेत उभं असताना तिने पाटी वाचली. यंदा ती पहिलीतून दुसरीत गेली होती.

"आजोबा, झ ची शेपटी राहिली."

"तो झ नाही, ध आहे."

"झच आहे. शेपटी विसरली की ध दिसतो. आजीने शिकवलं मला. म्हणाली, तुझे आजोबा नेहमी विसरतात, तू विसरू नको."

आपणच काय लिहिलं होतं ते आत्ताच बघू, म्हणून बागकाका तिचे झोके झाल्यावर तिला घेऊन तसेच ऑफिसात गेले. त्यांनी फाइल काढली. त्यात त्यांच्या हातचा मूळ कागद होता. 'झोके' असं चार ठिकाणी लिहिलं होतं. चारही ठिकाणी शेपटी नव्हती.

ते टायपिस्टबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"बाई, चूक माझीच होती."

"माहितेय."

"मग त्याच दिवशी कागद माझ्या तोंडावर का नाही मारलात?"

बाईंनी टायपिंग थांबवलं. "तुमचे कागद आधी घरून तपासून यायचे. आता येत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. मीच एकदा विचारायचं होतं." मग भिंगरीकडे बघून म्हणाल्या, "ही कोण? नवीन तपासनीस का?"

पुढच्या सभेसाठी बागकाकांनी सगळ्या वॉर्डांकरता झोक्यांचा प्रस्ताव केला. कागद समोरच्या खुर्चीत बसलेल्या भिंगरीने बोट ठेवून वाचला. प्रत्येक झ ला मांजरीसारखी लांबलचक शेपटी होती. बाईंनीही वाचला. या वेळी चुकायला जागाच नव्हती.

सभेत विषय पुकारला गेला आणि नदीकाठचे नगरसेवक ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागद वाचला होता.

"झोके? मध्यवर्ती बागेला धोके, आणि आमच्या तोंडाला नुसते झोके पुसता? माझ्या दारात रोज पोरांचा मोर्चा येतोय! आम्हाला धोकेच पाहिजेत, तिथे आहेत तसे, पाटीसकट!"

"आम्हालाही!" पलीकडून आवाज आला.

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. ठरावात दुरुस्ती झाली. सर्वानुमते.

बागकाका घरी आले तेव्हा भिंगरी दारातच होती.

"पास झालो?"

"झालो. पण त्यांनी शेपट्या काढून टाकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

भिंगरीने दोन्ही हात कमरेवर ठेवले, अगदी आजी ठेवायची तसे. "आजी रागावेल."

"रागावेल थोडी. मग हसेल."

"पण मी बरोबर तपासलं होतं हं. बोलणी तुम्ही खायची." तिने त्यांचा हात धरला आणि चपला घालू लागली. "चला आता, धोक्यावर. मी उंच गेले की तुम्ही ओरडायचं."