दुधावरची साय आणि काल्याची पूजा

सत्यभामाबाईंना आधी मांजराचा संशय आला. सकाळी दुधावर जाड साय असायची आणि दुपारी पातेल्यात नुसतं निळसर दूध उरायचं. मांजर पातेलं उघडेल, इथपर्यंत त्यांना पटत होतं. साय खाऊन झाल्यावर ते झाकण परत लावून वर वाटी पालथी घालेल, हे काही पटेना.

मग डब्यातली मसूरडाळ कमी झाली आणि मांजर सुटलं. त्यानंतर भिंतीवरचा दाढीचा आरसा गेला, तेव्हा घरात उरलेल्या एकमेव जिवाकडे, म्हणजे नवऱ्याकडे, त्यांनी बऱ्याच वर्षांनी निरखून पाहिलं.

भारतराव साठीला टेकलेले. सप्ताहात कीर्तनकाराच्या मागे टाळ धरून उभे राहायचे. चाल चढली की डोळे मिटायचे आणि पाय आपोआप उचलले जायचे. असा सरळ माणूस सप्ताह बसल्यापासून रोज दुपारी शेतातल्या मोटारीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावत होता.

"मोटर बिघडलीय," ते म्हणायचे.

"लाईट तर न्हाई दुपारची. बिघडली म्हून कळलं कसं?"

"लाईट आल्यावर कळंल ना," असं म्हणून ते चपला घालायचे.

शेजारच्या भिवराबाईंनी त्यात भर घातली. "सत्यभामे, तुझा मालक मसणवट्याच्या कडंची कोरफड कापत हुता. मला बघितलं अन् टोपीखाली घातली."

"कोरफड कावून?"

"भानामतीला लागत असंल. न्हाईतर बाईला. बायका लावत्यात केसाला."

सत्यभामाबाईंनी थोडा विचार केला. "भानामतीच असू दे, मावशे."

एरवी त्यांनी एवढं मनावर घेतलं नसतं. पण यंदा काल्याच्या पूजेचा मान या जोडप्याला होता आणि काला उद्यावर आला होता. पूजा करताना बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. त्या हातातच खोट असली, तर आपण लावलेला हात देवाला पोचायचा कसा? मन रिकामं करून देवापुढं बसावं, असं महाराज रोज कीर्तनात सांगत होते आणि सत्यभामाबाईंच्या मनात साय, डाळ, आरसा आणि कोरफड भरली होती.

"चल मावशे," त्या म्हणाल्या. "आज खरं-खोटं करू."

मोटारीच्या खोलीची कडी जुनीच होती. भिवराबाईंनी खांदा लावला आणि दार उघडलं. आत पालथ्या बादलीवर भारतराव बसले होते. समोर स्टार्टरच्या पेटीला आरसा टांगलेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळा-हिरवा लेप, आणि त्यातून दोन घाबरलेले डोळे.

बाई कुठंच नव्हती, पण सत्यभामाबाईंचा संशय उलट पक्का झाला. एवढा नटतोय, तर कुणासाठी तरी नटतोय.

"कोण हाय ती?"

भारतरावांनी एक बोट वर केलं.

"एकच हाय म्हणतोय," भिवराबाईंनी तर्जुमा केला.

"कवापासून?"

बोट तसंच वर.

"वर्ष झालं, सत्यभामे."

"माझ्यापरीस चांगली हाय का?"

भारतराव जोरात मान हलवायला गेले, तसा गालावरचा लेप ताणला गेला. त्यांनी मान अर्ध्यातच थांबवली.

"बघ. त्याला न्हाई म्हणवना."

सत्यभामाबाईंनी पदर खोचला. "उद्या पूजेला एकटे बसा. न्हाईतर तिला घ्या शेजारी."

हे मात्र भारतरावांना सोसलं नाही. तोंड उघडताच लेपाला तडे गेले आणि ज्या सुरकुत्या घालवायच्या होत्या त्या सगळ्या ठळक होऊन वर आल्या.

"एक मिनिट थांब म्हणतोय कवाचा. सुकंपर्यंत बोलायचं नसतं. सुरकुत्या हायेत तशा बसत्यात, असं मोबाईलवर सांगितलंय."

"पर हे कुणासाठी?"

भारतरावांनी मान खाली घातली. "पहिल्या दिवशी आपण महाराजांना हार घातला. गल्लीतल्या रामेश्वरनं ते मोबाईलवर सगळीकडं लाईव्ह दाखवलं. खाली पुण्याच्या कुणीतरी लिव्हलं, 'काकूंसोबत त्यांचे वडील आहेत का?' उद्या तुझ्या शेजारी पाटावर बसायचंय. म्हटलं, जरा शोभलं पाहिजे."

 वडील, हा शब्द सत्यभामाबाईंनी मनात दोनदा घोळवला आणि पदर तोंडाला लावला. भिवराबाई निराश होऊन घरी गेल्या.

लेप धुतल्यावर एक घोटाळा लक्षात आला. कृतीत आंबेहळद होती. ती नेमकी त्या दिवशी संपल्यानं भारतरावांनी भाजीची हळद घातली होती, आणि गुण लवकर यावा म्हणून हात सैल सोडून. साबण झाला, दही झालं, बेसन झालं. रंग हलेना.

दुसऱ्या दिवशी भारतराव पिवळेधमक होऊन पाटावर बसले. सत्यभामाबाईंनी त्यांच्या हाताला हात लावला, जरुरीपेक्षा थोडा घट्टच. देह मातीचा आहे, त्याला किती लिंपाल, असं महाराज काल्याच्या कीर्तनात रंगून सांगत होते. भारतरावांना वाटलं, महाराज नेमके आपल्याकडेच बघतायत.

प्रसाद वाटून झाल्यावर रामेश्वर मोबाईल घेऊन आला. "काकू, बघा, लई लोकांनी बघितलं."

सत्यभामाबाईंनी चष्मा लावला. पुण्याचा तोच माणूस होता. 'नवरदेवाची हळद अजून उतरली नाही वाटतं. शेजारी सासूबाई का?'

"कोण मेला हाय ह्यो?"

"भोळा माणूस दिसतोय," भारतराव टाळ फडक्यात बांधत म्हणाले. "जाऊ दे, मनावर घिऊ नगं."

पुढच्या दिवशी दुपारी चहा करायला ते स्वतः उठले. पातेल्यावर झाकण होतं, झाकणावर वाटी पालथी होती आणि खाली नुसतं निळसर दूध. त्यांनी मांजराकडं पाहिलं. ते उन्हात गाढ झोपलेलं. भिंतीवर आरसा नव्हता. ते शेताकडं निघाले. मोटारीच्या खोलीला आतून कडी होती.

"अगं, कोण हाय आत?"

 जरा वेळानं कडी वाजली, दार चार बोटं उघडलं आणि फटीतून एक बोट बाहेर आलं.

भारतराव पाइपाच्या भेंडोळ्यावर बसले आणि हलक्या आवाजात अभंगाची चाल धरून वाट बघू लागले.