याकोब मास्तरांची ओळख

याकोब मास्तर हसल्याशिवाय कुणाला ओळखत नसत. हसायचं मास्तरांनी नव्हे, समोरच्यानं.

लढाईच्या दिवसांत मी आमच्या तालुक्याच्या रजिस्ट्रेशन कचेरीत कारकून होतो. शेत, घर काहीही लिहून द्यायचं तर देणारा माणूस खरोखर तोच आहे, दुसरा कुणी त्याच्या नावानं आलेला नाही, हे साहेबांपुढं सांगायला एक ओळखदार लागे. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले याकोब मास्तर हे काम करीत. निम्मा तालुका त्यांच्या हाताखालून शिकून गेलेला. मास्तरांनी मान हलवली की साहेब पुढचं काही विचारीत नसत. या कामाबद्दल मास्तर कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नसत.

पण ती मान हलवून घेणं महाकठीण. ऐन उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट आणि टोपी घालून मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर बसत, आलेल्या माणसाला समोर उभा करीत आणि म्हणत, "हं, हसा."

"पागोटं उसनं मिळतं, मिशा उसन्या मिळतात," ते मला समजावीत. "हसू कुठून आणाल?"

आता बापजाद्यांचं शेत दुसऱ्याच्या नावावर करायला आलेला माणूस हसणार कसा? मग मास्तर त्याला शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या घोड्यानं हजेरीपट कसा खाल्ला ती गोष्ट सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली होती की दस्ताची नक्कल उतरवताना एकदा शेताच्या चतुःसीमेत घोडा लिहिणार होतो. एक म्हातारा ती गोष्ट ऐकता ऐकता हुंदके द्यायला लागला. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चालेल, हेही खरं आहे," आणि आत जाऊन त्यांनी त्याची ओळख दिली.

बाईमाणूस आलं की मास्तरांची फार तारांबळ उडे. "बाई, पदर जरा मागं घ्या," असं म्हणत आणि स्वतःच मान खाली घालत. मग घाम पुसून पुन्हा वर बघत. तिच्या माहेरचं कुणी आल्याशिवाय काम पुढं सरकू देत नसत. लोक वैतागत, मागं हसत. कचेरीतले आम्हीही हसत असू.

एकदा माझे सासरेच आले. ते तिसगावचे. शेताचा एक तुकडा धाकट्या भावाला बक्षीस लिहून द्यायचा होता. माझे सासरे म्हणजे माझ्या लग्नातही न हसलेला माणूस. मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं की हे माझे सासरे, लग्नात तुम्ही यांच्याच पंगतीला जेवलात.

"जेवलो," मास्तर म्हणाले, "पण हे तुमचे सासरे, हे तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं."

कचेरीतल्या माणसानं ओळख द्यायची नाही असा साहेबांचा दंडक होता, त्यामुळं माझा इलाज चालेना. घोड्याची गोष्ट दोनदा झाली. सासरे खांबासारखे उभे. व्हरांड्यात गर्दी जमली, ती हसायला लागली. हसत नव्हते ते फक्त सासरे. कचेरी बंद झाली आणि सासरे दस्त तसाच घेऊन तिसगावच्या मोटारीत जाऊन बसले. लाजेनं मला त्यांना निरोप द्यायलाही जाता आलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी माफी मागायला तिसगावला गेलो. मास्तर वेडे झालेत, त्यांचं मनावर घेऊ नका, असं काहीसं बोललो. सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मला राग न्हाई आला. मास्तरांचं काय हुतं ते आमाला ठावं हाय."

मग त्यांनी सांगितलं ते मी कचेरीत लागण्याच्या आधीचं. गावात मंजुळा नावाची बाई होती. नवरा गेल्यावर तिचं शेत आपल्या नावावर लिहून घ्यायला तिचा दीर एका पदर ओढलेल्या बाईला घेऊन कचेरीत गेला. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. "ही आमची वहिनी, मास्तर ओळखतात," असं म्हणाला. परक्या बाईला तोंड दाखव म्हणायचा मास्तरांना संकोच वाटला आणि त्यांनी मान हलवली. ती मंजुळा नव्हतीच. मंजुळानं दावा लावला, तेव्हा मास्तरांना साक्षीला बोलावलं. भरल्या कोर्टात आपण चुकलो म्हणायची त्यांना लाज वाटली. त्या दिवशी आलेली बाई हीच, असं त्यांनी सांगितलं. कोर्टानं मास्तरांचा शब्द मानला. मंजुळाचं शेत गेलं.

"पुढं तिच्या दारात जाऊन समदं कबूल केलं त्यांनी," सासरे म्हणाले. "पर तवर शेत तिसऱ्याच्याच हातात गेल्तं. तिनं दार लावून घेतलं. तवापासून बोलत न्हाई त्यांच्याशी. ते मातुर दर बाजारला येत्यात. चला, दावतो."

बाजाराच्या टोकाला मंजुळाबाई चालत येत होत्या. मागून, थोडं अंतर राखून, डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेतलेले याकोब मास्तर. कोट घडी घालून खांद्यावर टाकलेला. त्यांना बिनकोटाचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पेंढ्या उतरवून ते लांब उन्हात उकिडवे बसले. मी मागं वळणार, तोच त्यांनी मला पाहिलं. घाईघाईनं कोट चढवायला लागले, पण बाही काही सापडेना.

"सलाम, मास्तर," मी म्हणालो. ते उठून उभे राहिले आणि जमिनीकडं बघत राहिले.

मंजुळाबाई पेंढ्या लावत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "त्यास्नी म्हनावं, उनात बसू नगा. हिकडं सावली हाय."

मास्तर दहा पावलांवर होते, त्यांना ऐकू गेलं असणारच. पण ते हलले नाहीत, माझ्याकडं बघत राहिले. मी जवळ जाऊन तोच निरोप पुन्हा सांगितला. तेव्हा ते आले, लिंबाच्या सावलीच्या अगदी कडेला, निम्मे उन्हातच बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.