चेअरमनचा खोकला

कुंडलिकचं पतसंस्थेतलं खातं बंद झालं ते खोकल्यामुळे. खोकला त्याचा नव्हता. चेअरमन सावळेरामअण्णांचा होता. कुंडलिकने तो जत्रेच्या स्टेजवर फक्त खोकून दाखवला आणि मध्ये मध्ये "संस्था आपलीच हाये" म्हणाला. गाव लोळायचं तेवढं राहिलं. नक्कल कुणाची होती, हे अण्णांना दुसऱ्या दिवशी चहाबरोबर कळलं.

आता दुधाचं पेमेंट त्याच खात्यावर यायचं. म्हशीला कुणी कळवलं नाही. ती दूध देत राहिली.

"माफी लिहून दे," अण्णा म्हणाले. "पुन्यांदा नक्कल करनार न्हाई, म्हनून."

"अण्णा, खातं दुधाचं हाय. तोंडाचं न्हाई."

मॅनेजर हौशीराम नियमाचा माणूस. "अण्णा, ह्याचं बंद केलं. हसणाऱ्यांचं काय?"

"त्यांचीबी बंद."

"वन्समोअर दिला त्यांची?"

"आधी त्यांची."

"पण हसलं कोन कोन, ते कसं कळावं?"

तेही अण्णांनीच सुचवलं. जत्रेची शूटिंग झाली होती. वारूळवाडीच्या फोटोवाल्याकडून कॅसेट आली. ऑफिसात टीव्ही आला, व्हीसीआर आला, बघायला गाव आलं.

संचालक दादाभाऊ, दात काढून. बंद.

साळुबाई, तोंडात पदर. बंद.

बहिरू, खांबाला टेकून झोपलेला. चालू.

अण्णांच्या सौभाग्यवती वैजयंतीबाई, डोळे पुसताना. हौशीरामने वर पाहिलं.

"बंद," अण्णा हळूच म्हणाले.

"करा की," दारातून वैजयंतीबाई म्हणाल्या. "माज्या भावाच्या पतपेढीत टाकते."

"वहिनी, आमीबी येतो," दादाभाऊ म्हणाले. मागून साळुबाईनेही मान हलवली.

तेवढ्यात पडद्यावर पहिली रांग आली. एक पांढरी टोपी पुढे झुकली. मांडीवर थाप पडली. टोपीवाला उठला, स्टेजवर चढला, कुंडलिकच्या हातात नोट कोंबली आणि माइक ओढून घेऊन म्हणाला, "वन्समोअर!"

अण्णाच ते.

सगळ्या माना अण्णांकडे वळल्या.

"मला वाटलं," अण्णा म्हणाले, "डेअरीच्या चेअरमनची नक्कल हाय."

हौशीरामने पेनाचं टोपण काढलं. "अण्णा, तुमचं खातं बचत का चालू?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. गुडघ्यावर दोनदा झटकली, आत फुंकर मारली आणि उलटी घातली.

"उघडा सगळ्यांची," म्हणाले, आणि टीव्हीकडे पाठ करून बसले.

लोक पांगले. कुंडलिक हलला नाही. वीस वर्षं तो या माणसाला बघत होता, पण हे त्याच्या नजरेतून सुटलं होतं.

"अण्णा," तो अदबीने म्हणाला, "ते टोपीचं परत एकदा करा की."