चौथा गिअर आणि दहा हजारावी पोस्ट

आमच्या चाळीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या गळतीचा विषय निघाला की शशीकाका परब हात वर करतात आणि म्हणतात, "या विषयावर आधीच एक धागा आहे. कृपया नवीन धागा काढू नये."

सेक्रेटरी पहिल्यांदा पार गोंधळले होते. प्लंबर नळाच्या जोडाला सूत गुंडाळतो तसलं काहीतरी परब सुचवतायत, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते मिनिट्समध्ये लिहूनही घेतलं. आता चाळ सरावली आहे. आमच्या घरी बांगड्याचं तिखलं खाऊन काका माझ्या बायकोला "प्लस वन" म्हणतात, तेव्हा तीही निमूटपणे आणखी एक तुकडी वाढते. तळमजल्यावरचे तात्या गेले तेव्हा लोक तात्यांच्या आठवणी सांगतासांगता रेशनच्या तांदळावर घसरले, तर काका पुढे होऊन गंभीर आवाजात म्हणाले, "मंडळी, ऑफटॉपिक होतंय." तात्यांचा मुलगा रडता रडता हसला. त्याबद्दल त्याला अजून काकांचा राग आहे की उपकार वाटतात, ते मला कळलेलं नाही.

हे सगळं 'चारचाकी कट्ट्या'मुळे. इंटरनेटवर गाडीवेड्या मराठी माणसांचा हा एक अड्डा आहे. तिथे एका विषयावरच्या चर्चेला 'धागा' म्हणतात आणि दुसऱ्याचं म्हणणं पटलं की 'प्लस वन' लिहितात. कुठलं टायर घ्यावं, कुठल्या घाटात कुठला गिअर टाकावा, एसी लावला की ॲव्हरेज किती पडतं, असल्या विषयांवर तिथे लोक एकमेकांचा जीव घेत असतात. शशीकाका माझगावच्या एका शिपिंग कंपनीत स्टोअर्स सांभाळून रिटायर झाले, पण कट्ट्यावर ते कुणी परबबिरब नाहीत. तिथे ते 'चौथा गिअर'. लोक त्यांना गिअरशेठ म्हणतात.

माझ्याकडे गाडी नाही आणि लालबागमध्ये राहून ती घेण्याचा वेडेपणाही मी करणार नाही. तरी काकांनी माझा फोन हिसकावून मला सभासद केलंच. कट्ट्यावर माणसाची पत त्याच्या पोस्टींवर ठरते. माझ्यासारखा नुसता वाचणारा 'पादचारी'. थोडं लिहायला लागला की 'लर्नर'. मग 'लायसनवाला', मग 'हेवी व्हेइकल'. आणि दहा हजार पोस्टी झाल्या की 'आरटीओ'. त्यापुढे पद नाही.

टप्प्याची पोस्ट वाया घालवायची नाही, हा कट्ट्यावरचा अलिखित नियम. त्या पोस्टीत माणसाने मन मोकळं करायचं, आठवणी लिहायच्या आणि इतरांनी खाली येऊन त्याची यथेच्छ टिंगल करायची. गिरगावातला एक सीए तिथे 'डिझेलदादा' नावाने लिहितो. तो बिचारा मोजदाद विसरला आणि त्याची पाच हजारावी पोस्ट निघाली नुसती "हो". कुणीतरी विचारलं होतं, पार्ल्याचा पूल चालू झाला का. तेव्हापासून तो काहीही बोलला की खाली दहा जण "हो" लिहून जातात. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंखालीसुद्धा "हो" होते.

आरटीओ होणाऱ्यासाठी आणखी एक रिवाज होता, 'स्टिअरिंग-दर्शन'. आपल्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, हात स्टिअरिंगवर ठेवून काढलेला फोटो टाकायचा. आजवर हा मान एकालाच मिळाला होता. तो दादरचा एक दाताचा डॉक्टर, कट्ट्यावरचं नाव 'घाटवेडा'. त्याने काळा चष्मा लावून फोटो काढला होता आणि वर लिहिलं होतं की पेशंट तोंड उघडून वाट बघतोय, लवकर अभिनंदन करा.

आता गिअरशेठची पाळी होती. दहा हजारांना एक पोस्ट कमी होती. आणि गिअरशेठ गप्प झाले.

ते का गप्प झाले हे कळायला एक गोष्ट सांगायला हवी. चाळीत ती सगळ्यांना ठाऊक होती, कट्ट्यावर कुणालाच नाही. शशीकाकांना गाडी चालवता येत नाही.

म्हणजे ते शिकले होते. टेस्टलाही गेले होते. "विषय असा आहे," अशी त्यांची सुरुवात असते, तशी सुरुवात करून त्यांनी इन्स्पेक्टरला क्लच प्लेट म्हणजे काय ते समजावून दिलं. इन्स्पेक्टरने शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी पुढे घ्या म्हणाला. काकांनी ती मागे घेतली. मागे चहावाल्याची टपरी होती. चहावाला वाचला, किटली गेली. पुन्हा काका त्या वाटेला गेले नाहीत.

गाडी चालवायच्या त्या मंगलकाकी. त्यांचे वडील परळचे टॅक्सीवाले. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं, गिरणीच्या मागच्या गल्लीत, रविवारी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी या दोघांनी एक छोटी हिरवी गाडी घेतली. साडीचा पदर खोचून काकी पहिल्यांदा गाडी चाळीच्या फाटकातून बाहेर काढायला बसल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं होतं, "गो मंगल, खंय चाललंस?" काकी काच खाली करून म्हणाल्या, "मालवणाक! येतंस?" आणि खरंच गेल्या. काका शेजारी. मांडीवर चिवड्याचा डबा, हातात नकाशा.

पुढे कितीतरी वर्षं हे असंच चाललं. कोकणात, घाटावर, पार गोव्यापर्यंत. काकी चालवायच्या आणि काका बघायचे. रस्ता कुठे उखडलाय, कुठल्या वळणावर ट्रकवाले आत घुसतात, कुठल्या हॉटेलात वडा गरम मिळतो. काकी बोलून जायच्या, "इथे दुसऱ्यावर आणली नाही तर गाडी रडते बघा." घरी आल्यावर काका ते कट्ट्यावर लिहायचे. खोटं एक अक्षर नाही. "आम्ही वळणाच्या आधीच गिअर उतरवतो," असं लिहायचे. कट्ट्यावरच्या पोरांना वाटायचं, शेठ स्वतःलाच आम्ही म्हणवून घेतात. राजेशाही थाट! घाटात गाडी कशी चालवावी यावर गिअरशेठचा शब्द शेवटचा मानला जायचा.

बरं, हे लोक भेटायचे नाहीत असंही नाही. दादरला मिसळीच्या नावाखाली त्यांची सभा भरायची. सगळे गाड्या घेऊन यायचे आणि पार्किंग शोधण्यात अर्धी सभा संपायची. काका बसने जायचे. "गाडी काढली तर जागा जाते हो," एवढंच सांगायचे. मुंबईत या वाक्यावर कुणी संशय घेत नाही. डिझेलदादाने तर भर सभेत त्यांच्या पाया पडून, "शेठ, तुम्हीच खरे शहाणे," असं जाहीर केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी काकींना काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. एका डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलं, दुसऱ्याने नुसतं धुकं. डॉक्टरांनी गाडीची चावी ठेवून द्यायला सांगितलं. तेव्हापासून हिरवी गाडी टाकीशेजारी कव्हर घालून उभी आहे. काका रविवारी खाली जाऊन कव्हर काढतात, आत बसून इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. तेही ड्रायव्हरच्या सीटवर नीट टेकून बसत नाहीत. दुसऱ्याच्या देवघरात शिरल्यासारखे अर्धे आत, अर्धे बाहेर.

कट्ट्यावर मात्र प्रवास चालूच होते. जुन्या सफरी काका पुरवून पुरवून लिहीत होते. आज आंबोली, महिन्याने दापोली.

तर, एक पोस्ट उरली आणि काका थांबले. दोन आठवडे गेले. कट्ट्यावर हलकल्लोळ झाला. मी पादचारी, पण वाचत होतो.

"शेठ, हँडब्रेक काढा," घाटवेड्याने लिहिलं.

"शेठ नव्व्याण्णववर खेळतायत. बॅट्समनला घाम फुटलाय, कुणीतरी टॉवेल न्या."

"शेठ, आरटीओत एजंट लागतो. माझ्या ओळखीचा आहे."

"गाडी काढून फोटो काढा. जागा आम्ही चौघं आडवे पडून धरून ठेवतो."

डिझेलदादाने विचारलं, "शेठ, बरे आहात ना?" त्यावर आठ जणांनी "हो" लिहिलं.

इकडे काका गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. फोनवर काहीतरी टाइप करायचे, वाचायचे, पुसायचे. तिखल्यालाही प्लस वन येईना. माझा स्वभाव असा की दुसऱ्याचं कोडं पडलं की मला झोप येत नाही. एका रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी त्यांच्यासमोर कठड्याला टेकलो.

"काका, एवढं काय त्यात? सांगून टाका ना काकी चालवायच्या म्हणून. लोक दोन दिवस हसतील. त्या 'हो'वाल्याला हसतातच की."

"विषय असा आहे, अविनाश," काका म्हणाले आणि थांबले. ते विषय सुरू करून थांबतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"लाज वाटते तुम्हाला?"

"कसली लाज? माझी बायको चालवते आणि मी शेजारी बसून चिवडा खातो, याच्यासारखं सुख आहे का रे? मी ते पहिल्याच पोस्टीत लिहिणार होतो. राहून गेलं. मग इतकं राहून गेलं की कुठे घुसवायचं ते कळेना."

"मग आता घुसवा."

"आणि मग?" त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "ही पोरं चांगली आहेत रे. हसतील आणि लगेच विचारतील, वहिनी आता कुठे घेऊन चालल्या? पुढची सफर कुठली? मग मला लिहावं लागेल की आता नाही. घरात ती भिंतीला हात लावून चालते. चाळीत सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरच्या कागदावर आहे. एक ती कट्ट्याची जागा तेवढी अशी आहे, जिथे ती अजून गाडी चालवते. ती पण मीच बंद करू?"

इतके दिवस मी समजत होतो की हा माणूस आपली अब्रू सांभाळतोय. मला माझ्या अकलेची कीव आली आणि काकांबद्दल इतकं वाटलं की मी चहाकडे बघत राहिलो.

"अहो," आतून आवाज आला. "माझे डोळे गेलेत. कान नाही."

काका ताडकन उठले. मंगलकाकी दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

"इतकी वर्षं माझं ड्रायव्हिंग तुमच्या नावावर खपवलंत ते खपवलंत," त्या म्हणाल्या, "आता फोटोत पण तुम्हीच बसणार की काय? चला, मला खाली न्या. अविनाश, तू फोन घे. आणि थांबा जरा, मी साडी बदलते. ही नेसून मी कधी गाडी चालवलेली नाही."

कोपराला धरून काकांनी त्यांना जिना उतरवला. मी कव्हर काढलं. काकींनी हाताने दार चाचपलं, बसल्या आणि पहिल्याच क्षणी कडाडल्या, "सीट मागे कोणी केली?"

"मी. रविवारी. पाय अडकतात माझे."

"तुमचे पाय काय करायचे आहेत इथे? तिकडे जा."

काका वळसा घालून डावीकडे बसले आणि त्यांनी पट्टा लावला. गाडी उभी होती, समोर टाकी होती, पण त्यांनी पट्टा लावला आणि ओढून खात्रीही केली. काकींनी सीट पुढे घेतली. आरशाला हात लावून तो आपल्या बाजूला वळवला. मग क्लच दाबून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. मान थोडी तिरकी करून त्यांनी ऐकलं.

"बेल्ट सैल झालाय. आवाज येतो बघा. दोन वर्षं रविवारी बसता, ऐकू येत नाही तुम्हाला?"

"दाखवतो उद्या मेकॅनिकला," काका म्हणाले. इतका आनंदाने बोलणी खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मी समोर उभा राहून फोटो काढला. काकांनी काच खाली करून फोन मागितला आणि मीही खिडकीशी जाऊन वाकलो. फोटो छान आला होता. काकींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पदर खोचलेला होता. काका शेजारी ताठ बसले होते. फक्त काकींची नजर माझ्याकडे नव्हती. मी कुठे उभा आहे ते त्यांना नीट कळलं नसावं. त्या माझ्या बाजूने पलीकडे, फाटकाच्या दिशेने बघत होत्या.

"काका, परत काढू," मी हळूच म्हणालो.

काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा करून काकींचा चेहरा पाहिला. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि एका बोटाने लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते, त्यांची ती सवयच आहे. "विषय असा आहे. गाडी ही चालवते. मी शेजारी बसतो."

"परत काढू का म्हणाला तो?" काकींनी विचारलं. हात अजून स्टिअरिंगवरच होते. "मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हते का?"

"नव्हतीस," काका म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. "रस्त्याकडे बघत होतीस. गाडी चालवताना कुणी कॅमेऱ्याकडे बघतं का?"

"मग बरोबर आहे," काकी म्हणाल्या.