अकरा दिवस पुढचा ठोका

माझ्या काळजाचा ठोका काळजातून निघण्याच्या अकरा दिवस आधी पोटात पोचतो. हे जिल्ह्याच्या दवाखान्यात एमआरआयच्या मशीनवर निघालं.

दम लागतो म्हणून तिथल्याच तडवी डॉक्टरीणबाईंनी मशीनवर पाठवलं होतं. मशीन म्हणजे एक आडवी विहीर. आत सरकवतात, ठणठण आवाज होतो, आणि बाहेरून खैरनार नावाचा माणूस सांगतो, "आप्पा, श्वास रोखा." मी रोखतो. "सोडा." मी सोडतो. काळजातून पोटाकडं एक मोठी नळी उतरते, तिला महारोहिणी म्हणतात. ठोका वर कधी निघाला आणि खाली कधी पोचला, हे मशीन बघतं. नळी मऊ असली तर ठोका रमतगमत जातो, ताठ असली तर पळत जातो. मला हे लगेच समजलं. मी तीस वर्षं गावच्या नळयोजनेवर पाणी सोडायचो. रबरी पाइप आधी स्वतः फुगतो, मग पाणी पुढं देतो. लोखंडी लाइन फुगत नाही. वर व्हॉल्व्ह खोलला की खाली धक्का बसलाच.

माझी नळी त्याच्याही पुढं गेली होती. खैरनारला वरचे ठोके आणि खालचे ठोके जुळेनात. त्याला वाटलं, पोट दुसऱ्याच पेशंटचं आलं. अकरा दिवसांनी त्यानं पुन्हा बोलावलं. त्या वेळी आत मला उचकी लागली आणि काळजाचा सातवा ठोका चुकला. तोच चुकलेला ठोका मागच्या वेळच्या पोटाच्या चित्रात आधीच येऊन बसला होता.

"म्हणजे आप्पा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज पोटात ठोका लागतोय, तर पुढचे अकरा दिवस तुम्ही आहात. हे मी लिहून देऊ शकते."

"आणि बाराव्या दिवशी?"

"ते उद्या कळेल."

घरी येऊन केसरला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. "जन्मभर कोणापुढं मान वर केली नाही, आणि आतून म्हणे ताठ!"

केसरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सात वर्षं तिला नुसता उजेड आणि अंधार कळतो. तिच्या ऑपरेशनचा नंबर त्याच दवाखान्यात लागला होता. ठोका बघायला डोळे लागत नाहीत म्हणून ती रोज सकाळी माझ्या बरगडीखाली तळहात ठेवायची, "आहात," म्हणायची आणि चुलीकडं वळायची.

एका मंगळवारी पाहुण्यांमुळं तिला उशीर झाला. तिनं हात ठेवला आणि हाताखालीच ठोका थांबला. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिनं बराच वेळ हात काढला नाही.

"थांबलं," ती म्हणाली.

"वर चालू आहे ना?"

तिनं छातीवर हात ठेवला. "चालू आहे." मग बोटांवर मोजलं. "पुढच्या शनिवारपर्यंत. आणि माझा डोळा त्याच्या नंतरच्या मंगळवारी." माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "म्हणजे तुमचं तोंड शेवटी कसं दिसत होतं, ते मी शेजारणीला विचारायचं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. म्हणाल्या, गोळ्यांनी नळी थोडी नरम होईल, पण येऊन गेलेले ठोके परत काळजाकडं पाठवायची सोय अजून झालेली नाही. त्यांनी डोळ्यांच्या विभागाला चिठ्ठी दिली. रुग्णाचे पती पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वीसपर्यंतच उपलब्ध आहेत, तरी तारीख अलीकडे घ्यावी.

तिथं सपकाळे नावाचे कारकून बसतात. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"बाहेरगावी चाललात?"

"नाही. इथंच आहे."

"मग अडचण काय?"

"मीच नसेन."

"त्याचा दाखला लागेल."

"तो नंतर मिळतो म्हणे."

"हो, तेही आहे." त्यांनी एमआरआयचा रिपोर्ट उजेडाकडं धरून पाहिला. "आप्पा, तुमचीच तारीख तीन-चार दिवस पुढं नाही का जात? माझी यादी छापून झाली हो."

"नेली असती, भाऊ. पण मालच आला नाही पुढचा."

सपकाळ्यांना ते पटलं. पण त्या शनिवारच्या आधी कुठल्याच दिवशी जागा नव्हती, आणि कोणाला काढलं तर तक्रार होणार. तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा पुढं आला. "माझा पुढचा शुक्रवार आहे, तो बाईंना द्या. मला पट्टी काढल्यावर सुनेचंच तोंड बघायचंय. चार दिवस उशिरा बघतो." सपकाळ्यांनी त्याचा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि दोन्ही नावं खोडून अदलाबदल करून लिहिली.

शुक्रवारी केसरच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शनिवारी दहाला पट्टी काढणार होते. नर्स आली पावणेअकराला. तिलाही बरेच पेशंट होते.

पट्टी निघाली. केसरनं आधी खिडकी पाहिली, मग माझ्याकडं वळली. कपाळापासून सुरुवात केली. घाई केली नाही.

"हा वण कधीचा?"

"चार वर्षं झाली. दाराची कडी लागली."

"बोलला नाहीत."

"तुला दिसत नव्हता. म्हटलं, कशाला."

"आणि पुढचा दात?"

"तुझ्या डाळीत खडा होता."

"मग तेव्हाच सांगायचं ना! मी रोज तशीच डाळ घातली तुम्हाला." ती चिडली, आणि चिडूनसुद्धा बघतच राहिली. डावा कान पाहिला. मान वळवायला सांगून उजवा पाहिला.

अकराला सपकाळे रजिस्टर आणि शाईची डबी घेऊन आले. "आप्पा, बाईंना घरी सोडताना पतीचा अंगठा लागतो, तो आत्ताच देऊन ठेवता का? नंतर फार अडचण होते."

"देतो, भाऊ," मी म्हणालो. "पण जरा दम धरा. तिचं अजून बघून व्हायचंय."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग केसरकडं पाहिलं, आणि रजिस्टर मिटून शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसले.