सासूबाईंची जीभ आणि माझा प्रयोग

‘अंदाजपंचे’ हा शब्द माझ्या कोशात नाही. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे नुसत्या डोळ्यांना नितळ दिसतं म्हणून पाणी पास केलं, तर संध्याकाळपर्यंत अर्धं गाव आडवं होईल! त्यामुळे घरातही मी जे करेन ते शास्त्रशुद्ध आणि बिनचूकच असेल, अशी माझी खात्री होती. होती.

सुरुवात माझ्या पोटापासून झाली. छातीत जळजळ, घशाशी आंबट. गोळ्या खाऊन कंटाळले आणि एका वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली आणि विचारलं, “स्वयंपाक करताना काय करता?”

“काय म्हणजे? स्वयंपाकच करते.”

“आणखी?”

“फोनवर बोलते. ऑफिसचे मेल बघते. मधून मधून नवऱ्याशी भांडते.”

“मग ते सगळं पोटात जातंय की! आधी स्वयंपाक करताना नुसता स्वयंपाक करून बघा.”

मला हे थोतांड वाटलं. पण करून न बघता नाही म्हणणं अशास्त्रीय. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि दुधी चिरायला घेतला. दुधी चिरताना आवाज येतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं! भात शिजत आला की झाकणाचा सूर बदलतो, जिरं करपण्याआधी सूचना देतं, हेही कळलं. मीठ-तिखटाचा हात आपोआप आखडला. पहिला घास डोळे मिटून, सावकाश चावायला लागले. हळूहळू जळजळ गेली आणि मी लहान मुलासारखी झोपायला लागले.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाइतका धोकादायक प्राणी दुसरा नाही. त्याला इतरांना बरं करायचं असतं!

माझी नजर सासूबाईंवर पडली.

त्यांचा रक्तदाब कायम चढलेला. मीठ कमी करा असं सांगून डॉक्टर थकले होते. पण सासूबाईंना चवीबद्दल सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. त्यांची सगळी नोकरी सॉसच्या कारखान्यात, चाखणी विभागात झाली. तिथे त्यांना ‘जीभबाई’ म्हणतात. निवृत्त झाल्या, तरी नवा सॉस बाजारात जाण्याआधी मॅनेजरसाहेब गाडी पाठवून त्यांना नेतात. त्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालतात आणि आरशासमोर जीभ बाहेर काढून बघतात. त्या एका दिवसाच्या जोरावर मधले सगळे महिने निघतात.

मी वैद्यबाईंना विचारलं, “त्यांनाही असंच जेवण देऊ का?”

“आधी त्यांना विचारा. तयार असतील तर घेऊन या.”

विचारा? विचारलं की निकालावर परिणाम होणार! पाण्याच्या नमुन्याला कधी कुणी ‘आता तुला तपासते हं’ असं सांगतं का?

मी दोन सारखी पातेली आणली. एकात सासूबाईंची आणि माझी भाजी. त्यातलं मीठ, तिखट, आंबट रोज चिमूटभर कमी करायचं. दुसऱ्यात पूर्वीच्याच चवीची, नवऱ्यासाठी. तुलनेला एक न बदललेला नमुना लागतोच. लग्नापासून नवऱ्यात काडीचाही बदल झालेला नसल्यामुळे त्या कामाला तो आदर्श होता!

पहिले काही दिवस शांततेत गेले. मग सासूबाई घास तोंडातच धरून म्हणाल्या, “भाजी जरा मिळमिळीत झालीय का?”

“छे! फर्स्टक्लास आहे,” नवरा म्हणाला.

पुढे एकदा, “अगं, मीठ विसरलीस का?”

“आई, मला ठसका लागलाय आणि तुला अळणी लागतंय?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुला कशी लागतेय गं?”

“मला... बरी लागतेय.”

मला ती खरोखरच बरी लागत होती. त्यामुळे हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या खरं होतं! एवढं तांत्रिक खरं मी आयुष्यात दुसरं कधी बोलले नसेन.

त्या वरून मीठ घेतील ही भीती मला नव्हतीच. चाखणाऱ्या माणसाने ताटात वरून मीठ घेणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं, हा त्यांचा जुना बाणा. पण त्या मिठाच्या डब्यासमोर नुसत्या उभ्या राहायला लागल्या. झाकण उघडायच्या, परत लावायच्या. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचीही त्यांना भीती वाटत होती. तेही अळणी लागलं तर?

एक दिवस नवरा चिडला. “आई, तू मुद्दाम तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतेस!”

त्यानंतर सासूबाईंनी तक्रार बंद केली. रोज न चुकता म्हणायच्या, “छान झालंय.” मला वाटलं, जिभेला सवय झाली. प्रयोग रुळावर आला!

मग कारखान्यातून फोन आला. नवा सॉस तयार होता. मी एकाग्रतेने भोपळा परतत होते.

“साहेब, या वेळी दुसऱ्या कुणाला तरी बोलवा,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “माझी जीभ गेली.”

भोपळा करपला. जिरं सूचना देतं, तशी भोपळ्यानेही दिली असेल. मला ऐकू आली नाही. त्याच क्षणी जाऊन त्यांचे पाय धरायला हवे होते. मी काय म्हणाले? “आई, आधी डॉक्टरांना दाखवू या.” डॉक्टर जीभ ठणठणीत आहे म्हणतील, त्या कारखान्यात जातील आणि मला काही सांगावंच लागणार नाही! भित्रेपणाला मी पद्धतशीरपणा म्हणत होते.

नवराही बरोबर आला. डॉक्टरांनी सासूबाईंना डोळे मिटायला सांगून जिभेवर एकेक थेंब टाकला.

“गोड,” सासूबाई म्हणाल्या. “आंबट.” मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, “खारट? खारट आहे ना हो हे?”

“खारटच आहे. तुमची जीभ उत्तम आहे आजी.”

त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“मग घरीच चव का लागत नाही?” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “मनाला काही त्रास? सुनेशी पटतं ना?”

“तिच्याबद्दल काही बोलायचं नाही!” सासूबाई ताठ झाल्या. “इतकं मन लावून स्वयंपाक करते ती. फोनसुद्धा घेत नाही.”

मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचायला लागले.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. “अरे वा! हा तर चांगला उतरलाय!”

“उतरला?” मी टुणकन उठले. “म्हणजे प्रयोग यशस्वी!”

डॉक्टरांनी आणि सासूबाईंनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

“कसला प्रयोग?” नवऱ्याने विचारलं.

मी सांगितलं. दोन पातेल्यांपर्यंत आवाज बरा होता. ‘नमुना’ या शब्दापाशी डॉक्टरांनी चष्मा काढला.

“म्हणजे मी नमुना?” नवरा म्हणाला.

“न बदललेला,” मी पुटपुटले.

डॉक्टरांनी सासूबाईंना वजनकाट्यावर उभं केलं. “वजनही बरंच उतरलंय. जेवत होतात ना?”

“कसलं जेवण? चवच लागेना. ही डोळे मिटून पहिला घास चावत बसायची, तेवढ्यात मी अर्धी भाजी परत पातेल्यात टाकायची.”

म्हणजे रक्तदाब माझ्या आयुर्वेदाने उतरला की उपासमारीने, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं! प्रयोगशाळेत असा निकाल कुणी आणला असता, तर मीच तो तोंडावर फेकला असता.

“आई, चुकलंच माझं.”

“मीठ कमी केलंस त्याचं काही नाही गं,” त्या म्हणाल्या. “सांगितलं असतंस तर निमूट खाल्लं असतं. पण ‘तुला कशी लागतेय’ म्हणून मी विचारलं होतं. तेव्हा तू काय म्हणालीस?”

मी परत दातांचा तक्ता वाचायला लागले.

त्यांनी तिथूनच कारखान्यात फोन लावला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः गाडी घेऊन दारात हजर! सासूबाई ठेवणीतल्या कपड्यांत तयार होत्या.

“काय हो जीभबाई, घाबरवलंत की! झालं काय होतं?”

आता सगळं बाहेर येणार म्हणून मी दाराची कडी घट्ट धरली.

“काही नाही हो, सर्दी,” सासूबाई म्हणाल्या. “सुनेने पथ्य सांभाळलं, बरी झाले.”

मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. “सून असावी तर अशी! आमच्या घरी भाजीत मीठ कमी झालं तरी महाभारत होतं.”

मी मान खाली घातली.

“आणि विनय तरी किती!” ते म्हणाले.